पुकारा झाला, प्रतिवादी गैरहजर: एकतर्फी हुकूमनाम्याचा मागोवा

तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात बोर्ड सुरू झाला की शिपाई दाराशी येऊन वादी-प्रतिवादींच्या नावाचा पुकारा करतो. वादी वकिलाबरोबर आत येतो. प्रतिवादीचे नाव पुन्हा घेतले जाते, व्हरांड्यातून कोणी पुढे होत नाही. न्यायाधीश बेलिफाचा अहवाल पाहतात, समन्स बजावल्याची नोंद तपासतात आणि दाव्यावर हुकूम लिहितात: समन्स बजावूनही प्रतिवादी हजर नाही, सबब त्याच्याविरुद्ध दावा एकतर्फी चालावा. पुढच्या तारखेला वादीच्या सरतपासाचे प्रतिज्ञापत्र दाखल होते, कागदपत्रांवर निशाण्या पडतात, छोटा युक्तिवाद होतो आणि हुकूमनामा निघतो. त्यात कर्जाची रक्कम ठरू शकते, राहत्या घराचा ताबा जाऊ शकतो, शेताची वाटणी होऊ शकते, लग्न मोडू शकते.

प्रत्येक न्यायव्यवस्थेला इथे एकच अडचण आली आहे. प्रतिवादी आल्याशिवाय निवाडाच करायचा नाही असे ठरवले, तर देणे बुडवणाऱ्याला घरी बसून राहणे पुरते. आला नाही म्हणजे हरला असे ठरवले, तर ज्याच्यापर्यंत निरोप पोहोचलाच नाही तोही हरतो. या दोन अन्यायांच्या मधून वाट काढताना माणसांनी कोणकोणते उपाय केले, त्यांतले काय टिकले आणि काय विसरले गेले, याचा हा मागोवा आहे. त्यातला सर्वांत महत्त्वाचा धडा महाराष्ट्राच्या मातीत शिकला गेला आणि त्यासाठी फार मोठी किंमत मोजावी लागली.

नारदस्मृती आणि गोतसभा

आपल्या जुन्या व्यवहारशास्त्रात खटल्याचे चार पाद मानले होते: भाषा म्हणजे वादीची फिर्याद, उत्तर म्हणजे प्रतिवादीचा जबाब, क्रिया म्हणजे पुरावा आणि शेवटी निर्णय. प्रतिवादीचे उत्तर हा त्यातला एक पाय. तो नसला तर पुढे काय, याचा विचार नारदस्मृतीने बारकाईने केला आहे. पक्षकार कमकुवत, म्हणजे ‘हीन’ कधी ठरतो, याचे पाच प्रकार नारदाने सांगितले: जबाब फिरवणारा, पुराव्याला विरोध करणारा, हजर न होणारा, उत्तर न देणारा आणि बोलावल्यावर पळून जाणारा. पाचांपैकी तीन प्रकार गैरहजेरीचे किंवा मौनाचे आहेत.

त्याच ग्रंथात ‘आसेध’ नावाची सोय आहे. न्यायसभेने बोलावेपर्यंत प्रतिवादीला अडवून ठेवण्याचा हा अधिकार. त्याचेही चार प्रकार होते: अमुक जागा सोडू नये, अमुक वेळेपर्यंत थांबावे, प्रवासाला जाऊ नये, अमुक काम करू नये. मात्र लगेच कोणाला बोलावू नये याचीही यादी नारद देतो. आजारी माणूस, लग्नाला उभा राहिलेला, संकटात सापडलेला, राजकार्यात गुंतलेला, गुरे चारायला नेलेला गुराखी, कामात असलेला कारागीर, लढाईवरचा शिपाई आणि पेरणीच्या दिवसांतला शेतकरी. पेरणी सोडून न्यायसभेत आलेला कुणबी त्या वर्षीचे पीक गमावतो, हे त्या शास्त्रकाराला ठाऊक होते. गैरहजेरीमागे कारण असू शकते आणि ते विचारात घेतलेच पाहिजे, ही जाणीव त्या यादीत आहे.

मिताक्षरा ही स्मृतीवरची टीका लिहिणारा विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यातला. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. ऋण, भूमी अशा वादांत पक्षकाराकडून बोलण्यात चूक झाली तर तो दंडाला पात्र होतो, पण त्याचा मूळ हक्क बुडत नाही, अशा अर्थाचे नारदाचे वचन तो घेतो. चुकीची शिक्षा वेगळी आणि हक्काचा निर्णय वेगळा, हा फरक तेव्हाच केला गेला होता.

मराठेशाहीतल्या न्यायाची रीत आणखी वेगळी. गोतसभा किंवा पंचायत बसण्याआधी दोन्ही पक्षांकडून राजीनामा घेतला जाई: पंच जो निवाडा करतील तो मान्य. त्याबरोबर जामीन घेतले जात. निवाडा झाल्यावर हरलेला पक्ष जिंकलेल्याला येजितखत म्हणजे हरल्याची लेखी कबुली लिहून देई आणि सरकारातून निवाडपत्र होई. म्हणजे निकालाची सगळी ताकद दोन्ही बाजूंच्या हजेरीवर आणि कबुलीवर उभी होती. जो येत नसे त्याला आणायला सरकारातून शिपाई जाई आणि शिपायाचा ‘मसाला’ म्हणजे त्याच्या येण्याजाण्याचा खर्च त्या माणसाच्या माथी बसे.

या रीतीला तिची काळी बाजू होती. प्रतिवादी पंचायतीला तयारच झाला नाही, तर सावकार स्वतःच तगादा लावी. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखावर 1819 मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात या तगाद्याचे वर्णन आहे. साध्या विनवणीपासून त्याची सुरुवात होई. पुढे दाराशी धरणे, ऋणकोला जेवू न देणे, त्याला बांधून ठेवणे, भर उन्हात डोक्यावर दगड देऊन एका पायावर उभे करणे इथपर्यंत मजल जाई. गैरहजर माणसाविरुद्ध निकाल देण्याची सोय नसली की निकालाची जागा बळ घेते. एकतर्फी हुकूमनाम्याला नावे ठेवण्याआधी हे ध्यानात घ्यायला हवे.

दुपारची वेळ आणि तीन जाहीरनामे

आजची आपली दिवाणी प्रक्रिया इंग्रजांच्या वाटेने आली. तिची मागची मुळे रोमपर्यंत जातात. इसवीसनापूर्वी 450 च्या सुमारास रोमने बारा पाट्यांवर आपला कायदा कोरला. त्यातले पहिलेच कलम बोलावण्याचे. बोलावलेला माणूस येत नसेल तर साक्षीदार ठेवून त्याला धरून न्यावे. तो आजारी किंवा म्हातारा असेल तर त्याला एखादे जनावर द्यावे, गादीची गाडी द्यायची गरज नाही. आणि दुपार उलटून गेली तर जो हजर आहे त्याच्या बाजूने निकाल द्यावा. सूर्य माथ्यावरून कलला की खटला संपला, इतका साधा हिशोब होता.

हजार वर्षांनी त्याच रोमचा कायदा फार पुढे गेलेला दिसतो. जस्टिनियनच्या आज्ञेने 533 मध्ये तयार झालेल्या ‘डायजेस्ट’मध्ये गैरहजर प्रतिवादीसाठी एकामागून एक असे तीन जाहीर हुकूम काढण्याची पद्धत नोंदली आहे. दोन हुकुमांमध्ये किमान दहा दिवस जाऊ द्यायचे. त्यानंतर शेवटचा, निर्वाणीचा हुकूम. तो दिवस उजाडला की गैरहजर माणसाला पुन्हा एकदा पुकारायचे, मग तो आला किंवा नाही आला तरी खटला चालवायचा. आणि पुढे एक फार मोलाची गोष्ट सांगितली आहे: निकाल हजर असलेल्याच्याच बाजूने लागेल असे नाही. गैरहजर माणसाची बाजू खरी असेल तर तोही जिंकेल. बारा पाट्यांपासून इथपर्यंत येताना रोमन न्यायाने हजेरी आणि सत्य यांची फारकत केली. न आल्यामुळे माणसाने बोलण्याची संधी गमावली, एवढेच मानले गेले. समोरच्याचे म्हणणे त्याने खरे करून दिले, असे कोणी धरले नाही.

इंग्लंडच्या सामान्य कायद्याने मात्र उलटे टोक गाठले. प्रतिवादी स्वतः हजर झाल्याखेरीज त्याच्याविरुद्ध निकालच देता येत नसे. मग त्याला आणायचे कसे? त्याची मालमत्ता जप्त करायची, त्याला अटक करायची, आणि तरीही नाही आला तर त्याला कायद्याच्या संरक्षणाबाहेर टाकायचे. किरकोळ देण्यासाठीही माणसे तुरुंगात पडू लागली. 1725 मध्ये पार्लमेंटने यावर एक युक्ती काढली: छोट्या दाव्यांत समन्स रीतसर मिळालेला प्रतिवादी आला नाही, तर वादीनेच त्याच्या वतीने हजेरी नोंदवावी आणि खटला पुढे न्यावा. गैरहजर माणसाची हजेरी त्याच्या प्रतिपक्षाने लावायची! पुढे 1852 च्या प्रक्रिया कायद्याने हा देखावा बाजूला केला आणि ठरावीक रकमेच्या दाव्यात प्रतिवादी न आल्यास सरळ निकाल मिळू लागला. अमेरिकेने हीच वाट आणखी पुढे नेली. तिथल्या फेडरल न्यायालयात दावा ठरावीक रकमेचा असेल आणि प्रतिवादी उगवला नाही, तर न्यायालयाचा कारकूनही निकाल नोंदवू शकतो.

हे सगळे बदल व्यापारी समाजाच्या सोयीने झाले. ज्याला लिहिता-वाचता येते, ज्याच्या दारापर्यंत टपाल येते, ज्याला वकील परवडतो, अशा प्रतिवादीला गृहीत धरून ते झाले. तेच यंत्र उचलून भीमथडी आणि श्रीगोंद्याच्या शेतकऱ्यासमोर ठेवले गेले, तेव्हा जे घडले तो या मागोव्याचा गाभा आहे.

नांगराची निशाणी आणि जळालेले हुकूमनामे

1859 मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानची पहिली दिवाणी प्रक्रिया संहिता आली. वादी हजर, प्रतिवादी गैरहजर आणि समन्स बजावल्याचे सिद्ध झालेले, तर दावा एकतर्फी ऐकावा, असे तिने सांगितले. अशा निकालावर अपील नव्हते. हुकूमनाम्याची अंमलबजावणी सुरू झाल्यापासून फार तर 30 दिवसांत प्रतिवादीने येऊन, समन्स मिळाले नव्हते किंवा येता येऊ नये असे कारण होते, हे दाखवायचे. त्याच वर्षी मुदतीचा कायदाही आला. साध्या कर्जरोख्यावर दावा करायला तीन वर्षांची मुदत मिळाली.

या दोन कायद्यांची सांगड दख्खनमध्ये कशी बसली ते पाहू. कुणबी लग्नासाठी, बैलासाठी किंवा सरकारी सारा भरण्यासाठी कर्ज काढी. रोखा सावकाराचा कारकून लिही. कुणब्याला अक्षर येत नसे, म्हणून तो कागदाच्या खाली नांगराची निशाणी करी. तीन वर्षे संपत आली की मुदत जाऊ नये म्हणून सावकार रोखा नव्याने लिहून घेई आणि थकलेले व्याज मुद्दल होऊन बसे. कधी सावकार नवा रोखा करून घेण्याऐवजी दावाच लावी. समन्स निघे. ते कधी हाती पडे, कधी मधल्या मध्ये बजावल्याची नोंद होई. हाती पडले तरी कुणबी न्यायालयात जाऊन काय सांगणार? कोर्ट लांब, वकिलाला द्यायला पैसे नाहीत, खाली निशाणी आपलीच आणि वर लिहिलेला आकडा वाचता येत नाही. सावकार कोर्टात जायची गरज नाही असे सांगे, आपण समजून घेऊ असे म्हणे, आणि कुणबी घरी राही. पुढे बेलिफ दाराशी येई तेव्हा त्याच्या हातात हुकूमनामा असे. सावकाराचे दावे मोठ्या प्रमाणात असे एकतर्फीच निकाली निघत. 

अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, 1861 ते 1865, कापसाचा भाव चढला आणि कर्ज सैल झाले. युद्ध संपले, भाव कोसळला, शिवाय नव्या मोजणीने सारा वाढला. सावकारांनी हात आखडला आणि जुन्या रोख्यांवरच्या दाव्यांचा जोर वाढला. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात उद्रेक झाला आणि तो पुणे-अहमदनगर भागात पसरला. दंगेकऱ्यांनी माणसे मारण्याचा सपाटा लावला नाही. त्यांना हवे होते ते कागद. सावकाराच्या घरातले रोखे, खतावण्या आणि हुकूमनामे बाहेर काढायचे आणि जाळायचे. जिथे सावकाराने कागद दिले तिथे बहुधा पुढे काही झाले नाही. शेतकऱ्यांना नेमके ठाऊक होते की त्यांच्या गळ्याला फास कशाचा आहे. ज्या हुकूमनाम्याच्या सुनावणीत त्यांचा शब्द कधी उमटला नव्हता, तो त्यांनी आगीत टाकला.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये डेक्कन अॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अॅक्ट आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी आलेल्या या कायद्यात एकतर्फी निकालाच्या समजुतीला धक्का देणाऱ्या दोन तरतुदी होत्या.

पहिली कलम 7 ची. प्रत्येक दाव्यात न्यायालयाने प्रतिवादीला साक्षीदार म्हणून तपासावे. ते करायचे नसेल, तर हुकूमनामा देण्यापूर्वी त्याची कारणे न्यायाधीशाने लेखी नोंदवावीत. प्रतिवादी आला नाही तर आला नाही, असे म्हणून पुढे जाण्याची मुभा संपली. त्याला आणून विचारणे हे न्यायालयाचे काम झाले.

दुसरी कलम 12 ची. शेतकऱ्याविरुद्धच्या कर्जाच्या दाव्यात, त्याने दावा कबूल केला तरी, न्यायालयाने व्यवहाराचा मुळापासून इतिहास तपासावा. पहिले मुद्दल किती, व्याज किती धरले, रोखा किती वेळा पालटला, काय परत केले. म्हणजे रोख्याच्या पाठीमागे जाऊन हिशोब मांडायचा. जिथे कबुलीही पुरेशी नव्हती, तिथे मौन कसे पुरेल?

कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणेही याच कायद्याने बंद केले. त्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या न्यायाधीशांत महादेव गोविंद रानडे होते. जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरून ते खालच्या न्यायालयांची दप्तरे तपासत. सावकारांनीही वाटा शोधल्या. गहाणाऐवजी खरेदीखत लिहून घ्यायचे, म्हणजे कर्जाचा हिशोबच उघडायला नको, ही त्यातली एक. तरीही या कायद्याने एक तत्त्व पक्के केले: दोन पक्षांची ताकद असमान असेल, तर दुबळ्याच्या गैरहजेरीत न्यायाधीशाची जबाबदारी वाढते.

आजचे यंत्र कसे चालते

हे तत्त्व एका प्रांतापुरते राहिले. देशभर लागू झालेल्या 1908 च्या संहितेत ते त्याच्या मूळ जोरासह आले नाही, पण त्याची छाया ठिकठिकाणी आहे. आजही आपण हीच संहिता वापरतो, अनेक दुरुस्त्यांसह.

सगळा डोलारा समन्सवर उभा आहे. ऑर्डर 5 प्रमाणे बेलिफाने समन्स प्रतिवादीच्या हाती द्यायचे. तो घरी नसेल आणि लवकर येण्याची शक्यता नसेल, तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातल्या प्रौढ माणसाला द्यायचे. 1976 च्या दुरुस्तीपर्यंत संहितेत इथे ‘प्रौढ पुरुष’ असे होते. घरात बायको, आई, मोठी मुलगी असली तरी कायद्याच्या नजरेत समन्स घ्यायला कोणी नव्हते. घरातला नोकर आजही कुटुंबीय मानला जात नाही. समन्स घ्यायला नकार दिला किंवा कोणी सापडले नाही, तर बेलिफाने ते घराच्या बाहेरच्या दारावर चिकटवायचे आणि घर दाखवणाऱ्याचे, समोर असलेल्या साक्षीदाराचे नाव-पत्ता अहवालात लिहायचे. तेही जमले नाही तर न्यायालयाच्या परवानगीने वर्तमानपत्रात जाहीर समन्स निघते. अलीकडे ई-मेलनेही बजावणी होते. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी एका दरखास्तीतली, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जातली, नोटीस व्हॉट्सअॅपवर पोहोचून उघडली गेल्याच्या निळ्या खुणा ग्राह्य मानल्या होत्या.

‘समन्स घेतलेच नाही म्हणजे केस टळली’ असा समज गावात आणि शहरातही ऐकू येतो. तो साफ चुकीचा आहे. नाकारलेले समन्स बजावलेलेच धरले जाते आणि एकतर्फी हुकुमाची वाट मोकळी होते.

समन्स मिळाल्यावर 30 दिवसांत कैफियत म्हणजे लेखी जबाब द्यायचा, कारण असल्यास न्यायालय 90 दिवसांपर्यंत वाढवू शकते. ही मुदत सामान्य दाव्यांत अगदीच लवचीक नसली तरी पोलादी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सांगितले. व्यापारी दाव्यांत मात्र 2015 च्या कायद्यानंतर 120 दिवस ही शेवटची हद्द आहे. मुदत उलटली तर ‘कैफियतीशिवाय’ असा हुकूम होतो. इथेही न्यायालयाने डोळे मिटून दावा मंजूर करायचा नाही. वादीच्या स्वतःच्या म्हणण्यातच वादाचा मुद्दा दिसत असेल तर पुरावा मागायलाच हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये बजावले. 

एकतर्फी हुकूम झाल्यावरही दार पूर्ण बंद होत नाही. दावा चालू असेल तर ऑर्डर 9 नियम 7 खाली अर्ज करून, योग्य कारण देऊन, तो हुकूम रद्द करून घेता येतो. तो रद्द झाला नाही तरी प्रतिवादीला त्या टप्प्यापासून पुढे भाग घेता येतो, हे 1955 मध्ये संग्रामसिंह विरुद्ध इलेक्शन ट्रायब्युनल, कोटा या खटल्यात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी स्पष्ट केले. बोस त्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. प्रक्रियेचे नियम न्यायाला हात देण्यासाठी आहेत, माणसाला शिक्षा करण्यासाठी नाहीत, असा त्यांच्या निकालाचा आशय. एक तारीख चुकली म्हणून सगळा खटला हातचा जाऊ देऊ नये, हे आज वकील सहज सांगतात, ते या निकालाच्या बळावर.

हुकूमनामा झाला असेल तर नियम 13. समन्स रीतसर बजावले गेले नव्हते किंवा पुरेशा कारणामुळे येता आले नाही, यांपैकी एक दाखवायचे. मुदत 30 दिवसांची. समन्स बजावलेच नसेल, तर हुकूमनाम्याची माहिती झाल्या दिवसापासून ती मोजतात. केवळ बजावणीत काही तांत्रिक उणीव होती, पण तारखेची माहिती आणि यायला वेळ होता, असे न्यायालयाला पटले तर हुकूमनामा रद्द होत नाही. ही भर 1976 ची. 1859 मध्ये नसलेला अपिलाचा मार्गही आता आहे. आणि हे सगळे न करता कोणी स्वस्थ बसला, तर पैशाच्या किंवा ताब्याच्या हुकूमनाम्यावर 12 वर्षांपर्यंत दरखास्त येऊ शकते. विसरलेला दावा एका सकाळी जप्तीच्या रूपाने समोर उभा राहतो.

लग्न, पोटगी आणि मौन

घरगुती वादात एकतर्फी निकालाचे दोन्ही चेहरे सर्वांत तीव्र होतात.

हिंदू विवाह कायद्याने 1955 मध्येच एक मोठी काळजी घेतली. कलम 23 म्हणते की अर्जाला विरोध झालेला असो वा नसो, न्यायालयाची स्वतःची खात्री पटली पाहिजे: कारण सिद्ध आहे, अर्जदार स्वतःच्या चुकीचा फायदा उठवत नाही, विनाकारण उशीर झालेला नाही, दोघांनी संगनमत केलेले नाही. 1879 च्या कायद्यातल्या कलम 7 आणि कलम 12 यांचा तोच सूर इथे लागतो. मौनाने लग्न मोडत नाही. समोर कोणी नसले तरी न्यायाधीशाने स्वतः प्रश्न विचारायचे आहेत.

पोटगीच्या बाबतीत मात्र एकतर्फी हुकूम हे संरक्षण आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 126, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 145, म्हणते की नवरा जाणूनबुजून समन्स टाळतो आहे किंवा येत नाही, अशी दंडाधिकाऱ्याची खात्री झाली तर प्रकरण एकतर्फी चालवता येते. योग्य कारण दाखवल्यास तीन महिन्यांत तो हुकूम रद्द करता येतो. कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005, कलम 23 खाली प्रतिज्ञापत्रावर तातडीचा एकतर्फी आदेश देण्याची मुभा देतो. मारहाण होत असलेल्या बाईला प्रतिवादी सापडेपर्यंत थांब, असे सांगणारा कायदा तिच्या कामाचा नाही. 

दुसरा चेहरा याच्या उलट. बायको माहेरी राहते आहे आणि घटस्फोटाच्या अर्जात तिचा पत्ता सासरचा लिहिलेला. समन्स त्या घराच्या दारावर चिकटते, जिथे ती राहतच नाही. बजावणी झाल्याची नोंद होते, एकतर्फी पुरावा होतो, हुकूमनामा होतो. तिला कळते तेव्हा नवऱ्याने दुसरे लग्न केलेले असते. अपिलाची मुदत 90 दिवसांची आहे, पण मुदत चालू आहे हेच जिला माहीत नाही तिला तिचा काय उपयोग? इथे अख्खा निकाल एका चुकीच्या पत्त्याचे बोट धरून चालतो.

हाच प्रकार समुद्रापलीकडूनही होतो, आणि परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही तो चुकत नाही. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका खटल्यात नवऱ्याने अमेरिकेच्या नेवाडा राज्यात काही आठवडे राहून तिथला एकतर्फी घटस्फोट मिळवला होता, बायको इथे पंजाबात पोटगीसाठी झगडत होती. न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी तो परदेशी हुकूमनामा मानला नाही. तिथला रहिवासी असल्याची बतावणी करून तो मिळवला होता. 1991 मध्ये मिझुरी राज्यातल्या अशाच हुकूमनाम्यावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी नियमच घालून दिला: लग्न ज्या कायद्याखाली झाले त्यात ते कारण असले पाहिजे आणि समोरच्या पक्षाने स्वेच्छेने, खऱ्या अर्थाने त्या न्यायालयासमोर आपली बाजू मांडलेली असली पाहिजे. परदेशी समन्स टपालाने हाती पडले एवढ्याने काम भागत नाही. विमानाचे तिकीट, व्हिसा आणि परदेशी वकील न परवडणारी बाई ‘हजर राहिली नाही’ असे कसे म्हणता येईल? साताऱ्याच्या कुणब्याला पुण्याचे कोर्ट जितके लांब होते, तितकेच तिला मिझुरी लांब आहे.

या वंशावळीने शिकवलेले

रोमच्या शेवटच्या काळातला नियम, नारदाची पेरणीच्या शेतकऱ्याची यादी, 1879 चे कलम 7, 1955 चे कलम 23 आणि न्यायमूर्ती बोस यांचा निकाल, हे वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या समाजांत, एकाच ठिकाणी पोहोचले आहेत. गैरहजेरीने खटला पुढे जाऊ शकतो. गैरहजेरीने तो सिद्ध होत नाही. वादीला त्याचे म्हणणे शाबीत करावेच लागते, आणि समोर उलटतपास घेणारे कोणी नसते तेव्हा तो भार न्यायाधीशाच्या नजरेवर येतो.

आणि जेव्हा जेव्हा हा धडा विसरला गेला, तेव्हा विसर एकाच जागी पडला: बजावणीच्या नोंदीवर. दख्खनच्या कुणब्याचा घात कायद्याच्या मोठ्या तत्त्वांनी केला नाही. तो केला बजावले अशा एका शेऱ्याने, ज्याच्यामागे कोणी पाहिले नाही. आजही बेलिफाच्या अहवालातला पत्ता, दार दाखवणाऱ्याचे नाव, नकार कोणी दिला, घरात त्या दिवशी कोण राहत होते, एवढे चार प्रश्न विचारले, तर पुढची कित्येक वर्षांची किरकोळ अर्जांची, विलंबमाफीची आणि अपिलांची लढाई वाचते. न्यायालयांवर कामाचा डोंगर आहे हे खरे. पण ज्याचे बोलणे ऐकले नाही त्याच्याविरुद्ध निकाल देण्याचा अधिकार हा न्यायसंस्थेच्या हातातला फार जड अधिकार आहे, आणि तो वापरण्यापूर्वी दहा मिनिटे देणे न्यायालयाचे कर्तव्य आहे.

आपल्या बाजूनेही एक कर्तव्य आहे. समन्स आले तर घ्यावे, तारीख लिहून ठेवावी आणि त्या दिवशी हजर राहावे. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. महिलांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि ठरावीक मर्यादेखाली उत्पन्न असलेल्यांना 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. सुप्याच्या शेतकऱ्यांना ही सोय नव्हती, म्हणून त्यांच्या हाती आग उरली. आपल्याकडे ही सोय आहे. गैरहजर माणसाला न्याय देण्याचे सगळे नियम कितीही सुधारले, तरी स्वतः उभे राहून सांगितलेल्या आपल्या बाजूची सर त्यांना येणार नाही.